नकाशावरची राखाडी घरं

श्रुतिका घरात आहे की नाही हे कळायला आमच्या मजल्यावर कुणाला बेल वाजवावी लागत नाही. पॅसेजमधून चपलांचा फटफटाट ऐकू आला की आहे. ती फोनवर बोलताना चालते, चहा पिताना चालते, आणि ऑफिसचं काम घरी आलं की लॅपटॉप परातीसारखा डाव्या हातावर धरून उजव्या हाताने टाइप करत चालते. माझी बायको अनुपमा म्हणते, या पोरीला कुठे जायचंय ते एकदा विचारा आणि सोडून या. मी म्हणतो, तिला माहीत असतं तर ती आपली वाट बघत थांबली असती का.

चारकोपच्या आमच्या सोसायटीत लिफ्ट नाही आणि गुपितंही नाहीत. तरी श्रुतिका नेमकं काय काम करते हे बरीच वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक गाळा आहे, खाली बाटल्यांची झाकणं बनतात आणि वर हिचं ऑफिस, एवढीच माहिती. दुसऱ्या मजल्यावरच्या मंजुळाबाईंनी ठरवून टाकलं होतं की ती बिल्डरांसाठी जमिनी हेरते. मी माझ्या परीने 'उपग्रहातून लोकांच्या गच्च्या बघते' अशी भर घातली. त्यानंतर काही दिवस गच्चीवर कुणी पापड वाळत घातले नाहीत.

शेवटी एकदा मीच तिला पॅसेजमध्ये अडवलं.

"काय गं, तू करतेस काय नेमकं?"

"फाईलींचे नकाशे करते."

"म्हणजे?"

तिने उभ्या उभ्या लॅपटॉप माझ्यासमोर धरला. स्क्रीनवर नुसते आकडे. एकेका ओळीत दोन लांबलचक आकडे, मध्ये स्वल्पविराम. गणिताच्या पेपरात नापास झालेल्या माणसाला असं काही दाखवू नये.

"हा आपल्या नाक्यावरचा बसस्टॉप," ती म्हणाली. "हे दोन आकडे म्हणजे त्याचा पृथ्वीवरचा पत्ता. लोक आम्हाला अशा फाईली पाठवतात. कुणाच्या पाण्याच्या लाइनी, कुणाची झाडं, कुणाची गटारं. आता बघा."

दोन-चार ठिकाणी बोट फिरलं आणि आकड्यांच्या जागी चारकोप आलं. रस्ते, खाडी, सेक्टर. आमच्या नाक्यावर लाल पिन. तिने पिनेवर बोट ठेवलं तर छोटी खिडकी उघडली आणि तिथे थांबणाऱ्या बसचे नंबर दिसले.

"भिंतीवरचा नकाशा नुसता टांगलेला असतो. याला विचारता येतं."

"मग विचार, बस कधी येणार."

"ते देवाला पण माहीत नाही, काका." आणि ती चालू पडली.

तिच्या पायांना जी वळवळ आहे ती तिच्या वडिलांच्या जिवाला आहे. दशरथराव सत्तरीला टेकलेले. त्यांचे वडील परळच्या गिरणीत होते, हे स्वतः कंपनीत फिटर. लॉटरीत चारकोपची खोली लागली तेव्हापासून आमचे शेजारी. तीन वर्षांपूर्वी विमलावहिनी गेल्या. पुढच्या वर्षी दशरथराव मोरीत घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, काठी घेऊन घरभर फिरू लागले. डॉक्टर म्हणाले, आता जिना उतरा. ते एकदा उतरायला गेले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वळणावर थांबले. खाली जाववेना, वर येववेना. कठडा धरून घामाघूम उभे. आम्ही दोघा-तिघांनी वर आणलं. त्यानंतर त्यांनी चौथा मजला सोडला नाही. खिडकीत बसायचं आणि खालून जाणाऱ्या प्रत्येक माणसाला काहीतरी सुनवायचं. भाजीवाला त्यांच्या खिडकीखाली आवाज बंद करून जातो.

खिडकीत बसून त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळायची, ती म्हणजे गावची पालखी.

गाव राजापूरच्या बाजूला. नाव लिहीत नाही. लिहिलं तर त्यांच्या मुंबईच्या मंडळाचे अध्यक्ष जयवंतराव उद्या माझ्या दारात उभे राहतील. मी घाटावरचा, त्यामुळे मला हे सगळं दशरथरावांकडून ऐकून ऐकून पाठ झालंय. शिमग्यात देवीची पालखी गावातल्या चौथऱ्यावरून निघते आणि वाडीवाडीतून घरोघर जाते. घरचं माणूस दार उघडून उभं असतं. पालखी आत येते, घरची बाई ओटी भरते, गावातला मोठा माणूस गाऱ्हाणं घालतो की या घराची रखवाली कर म्हाराजा, आणि बाकीचे 'होय म्हाराजा' म्हणतात. दार बंद असेल तर पालखी अंगणात जराशी थांबते आणि पुढे जाते. दशरथरावांच्या अंगणातून ती दोन शिमगे तशीच पुढे गेली होती. एकदा वहिनींचं वर्ष झालं नव्हतं म्हणून, एकदा मांडीमुळे.

"बाबा गावाला जात नाहीत तर गाव इथे आणते," श्रुतिकाने ठरवलं.

तिचा चुलतभाऊ दिपेश गावात रिक्षा चालवतो. त्याच्या फोनवर तिने एक ॲप टाकून दिलं. प्रत्येक घरासमोर उभा राहा, बटण दाब, फोटो काढ, घर कुणाचं ते लिही. शेवटी आणखी एक रकाना ठेवला, 'दार उघडं की बंद'.

"ते कशाला गं ताई?" दिपेशने फोनवर विचारलं.

"असू दे रे. माहिती भरलेली बरी."

ही तिची ऑफिसची खोड. कुठलीही फाईल तिला भरगच्च लागते. दिपेशने भातकापणी उरकल्यावर, रिक्षाला भाडं नव्हतं अशा दिवशी सगळं गाव पालथं घातलं आणि फाईल पाठवली. पहिल्यांदा तिने उघडली तेव्हा गाव नॉर्वेच्याही वर, बर्फाच्या समुद्रात जाऊन पडलं. दोन आकडे उलटसुलट झाले होते म्हणे. मी म्हटलं, राहू दे तिकडेच, निदान भांडणं थंड होतील. तिने आकडे फिरवले आणि गाव पुन्हा कोकणात आलं.

दशरथरावांच्या हातात तिने मोठा टॅब ठेवला तो दिवस मी पाहिलाय. माणूस जेवायचं विसरला. बोटाने वाडी सरकवायची, घरावर टिचकी मारायची, फोटो उघडायचा.

"हे बघ, भिवाने पडवी वाढवली. परवानगी कुणाची घेतली? आणि इथला फणस कुठे गेला? दिपेशला फोन लाव."

"बाबा, तो भाडं घेऊन गेलाय."

"गावात फणस तोडतात आणि हा भाडी मारत फिरतो."

मग स्वतःच्या घरावर आले. कडी लावलेलं दार, ओट्यावर आंब्याचा पाचोळा. पाचोळा झाडावा तसं त्यावर बोट फिरवलं. मग विचारलं, "हा रंग कसला?"

"बंद घरं राखाडी, उघडी तांबडी. ऑफिसात बंद लाइनींना आम्ही राखाडी देतो, म्हणून हातानं तेच केलं."

"झकास आहे," दशरथराव म्हणाले आणि त्यांनी तो नकाशा मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.

इथे वाट लागली. आपलं घर दिसलं म्हणून माणूस खूश होतो आणि पुढे पाठवतो. लांब जाऊन सगळं गाव एकदम बघत नाही. विक्रोळीपासून मुलुंडपर्यंतच्या त्यांच्या गाववाल्यांनी नकाशा उघडला तेव्हा आधी हारफुलांचा पाऊस पडला. मग कुणीतरी बोटांनी नकाशा लहान केला. सगळं गाव राखाडी. मधूनमधून दोन-चार तांबडे ठिपके, उंदराने कुरतडून टाकलेल्या मिरच्यांसारखे.

आणि मग जयवंतरावांचा आवाजी निरोप आला. जयवंतराव दिंडोशीला राहतात, कुठल्याशा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, आणि तेव्हापासून सगळं गाव त्यांच्या टेबलावर आहे. दशरथरावांनी तो निरोप मला तीनदा ऐकवला.

"मंडळी, पोरीने डोळे उघडले आपले. पालखी खांद्यावर घ्यायला गावात आता पोरं उरली नाहीत. जी आहेत त्यांचे खांदे सोलतात. आणि ती नेतात कुठे, तर कुलपांपुढे. शेवटच्या वाडीला पालखी पोचते तेव्हा तिथली माणसं झोपाळलेली असतात. माझं म्हणणं, यंदापासून राखाडी घरं वाटेतून सोडावी. हे मी म्हणत नाही, नकाशा म्हणतोय."

दशरथरावांनी टॅब पालथा ठेवला.

"संप होता तेव्हा घरात चूल पेटायची मारामार होती," ते म्हणाले. "तेव्हा पण बाप शिमग्याला गेला आणि दार उघडलं. आणि माझ्या हयातीत घर सुटणार."

"सुटलं तर पुन्हा घेता येईल की," मी म्हटलं.

"तू घाटावरचा, तुला नाय कळायचं. एकदा पालखीच्या वाटेतनं घर सुटलं की ते पुन्हा घ्यायला सगळ्या गावाची होय लागते. आमच्या गावात पावसाळा कधी येतो यावर होय नाय होत."

श्रुतिका पॅसेजमध्ये गेली. त्या संध्याकाळी ती इतकी चालली की मंजुळाबाईंनी दोन मजले खालून विचारलं, वर काही कुटताय का.

"मीच केलं," ती मला म्हणाली. "बाबांना दाखवायला केलं आणि त्यांचंच घर काढलं."

"अगं, रंग बदल. सगळी तांबडी कर. कुणाला कळतंय?"

"खोटं करायचं?"

"थोडंसं."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी चष्मा पुसायला घेतला.

रविवारी दिंडोशीला मंडळाची सभा होती. तिथल्या एका सोसायटीच्या ऑफिसात, सतरंजीवर. श्रुतिकाला मी माझ्या गाडीने नेलं. शेजारधर्म म्हणून, असं अनुपमाला सांगितलं. तिने विचारलं, मग डबा भरून शेंगदाणे कशाला? दशरथरावांना फोनवर घेऊन श्रुतिकाने फोन मांडीवर ठेवला.

"ये गं," जयवंतराव म्हणाले. "नकाशा एकदम फर्स्टक्लास."

"काका, नकाशा चुकलाय."

"चुकलाय? दिपेश स्वतः दारोदार फिरला ना?"

"फिरला. पण कामाच्या दिवशी फिरला. त्या दिवशी ही सगळी माणसं कुठे होती? मुंबईत, आपापल्या कामावर. दार बंदच असणार."

"माझं उघडं होतं. भाऊ राहतो माझा."

"तुमचं तांबडंच आहे. मी बाकीच्यांचं बोलतेय. मी दिपेशला विचारायला लावलं, आज दार बंद आहे का. विचारायचं होतं, शिमग्याला उघडणार का. प्रश्नच चुकला."

सभेत चुळबुळ झाली. विक्रोळीच्या नलिनीताई, तोंडाने फटकळ बाई, मागून म्हणाल्या, "मग आता विचार की. सगळे बसलेत."

जयवंतराव विचारात पडले. माणूस वाईट नाही, फक्त प्रत्येक गोष्टीला शेवटची तारीख लावल्याशिवाय त्यांना झोप येत नाही.

"ठीक," ते म्हणाले. "विचार. होळी पेटायच्या आत ज्याचं घर नकाशावर तांबडं होईल, त्याच्याकडे पालखी जाईल. घरचं माणूस मात्र दारात हवं, शेजाऱ्याकडे चावी दिली असली नाटकं नकोत. ज्याचं राखाडी राहील त्याने मग तोंड उघडायचं नाही. कबूल?"

"कबूल," श्रुतिका म्हणाली.

"आणि काय गं, तुमचं?" नलिनीताईंनी विचारलं. "तुमचं पण राखाडीच आहे ना?"

श्रुतिकाच्या मांडीवरच्या फोनमधून खोकल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

येताना गाडीत तिने गुडघा इतका हलवला की माझ्या डॅशबोर्डवरचा गणपती सरकला. घरी पोचेपर्यंत तिच्या डोक्यात सगळं तयार होतं. नकाशावर आपल्या घरावर बोट ठेवायचं. 'दार उघडणार' असं बटण येईल. ते दाबलं की विचारणार, कोण येणार? नाव लिहिलं की घर तांबडं, आणि ते ग्रुपमधल्या प्रत्येकाला तिथल्या तिथे दिसणार.

यानंतर त्या गाववाल्यांच्या जिवाला जो घोर लागला तो बघण्यासारखा होता. स्वतःचं घर बंद आहे हे माणसाला माहीत असतं, पण ते शेजाऱ्याच्या मोबाईलवर राखाडी दिसतंय हे सहन होत नाही. फोनाफोनी सुरू झाली. तुझं अजून राखाडी? वरच्या वाडीचं बघ, निम्मं तांबडं झालं. कुणी रजा टाकली, कुणी मुलाची परीक्षा आजीवर सोपवली. काही हुशार लोकांनी नुसतं बोट लावून घर तांबडं केलं, तर श्रुतिका त्यांना फोन करायची.

"दादा, गाडीचं बुकिंग झालं का?"

"होईल गं."

"मग झाल्यावर तांबडं करा. तोवर मी परत राखाडी करते."

"अगं थांब, थांब, आज करतो."

नलिनीताईंच्या सासरी दोन दीर, एकमेकांचं तोंड न बघणारे, आणि घर एक. धाकट्याने 'मी येणार' म्हणून तांबडं केलं की मोठा 'मग मी येत नाही' म्हणून राखाडी करायचा. दिवसभर ते घर सिग्नलसारखं बदलत होतं. शेवटी नलिनीताईंनी स्वतःचं नाव टाकलं आणि ग्रुपवर लिहिलं, आता कुणी बोट लावलं तर बोटावर लाटणं बसेल.

दशरथराव हे सगळं खिडकीत बसून बघत होते. सकाळी उठले की टॅब, जेवताना टॅब. गाव हळूहळू तांबडं होत गेलं. त्यांची वाडी तर पूर्ण झाली. त्यात यांचं एकट्याचं घर राखाडी, दातात अडकलेल्या तिळासारखं. सगळ्या गावाला हलवणारी पोरगी, आणि तिच्याच घराला रंग नाही. ग्रुपवर कुणी स्पष्ट बोलत नव्हतं, पण जयवंतरावांनी दोनदा 'उर्वरित घरांनी नोंद घ्यावी' असं टाकलं, आणि उर्वरित म्हणजे कोण हे लहान पोरालाही कळत होतं.

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे साखर मागायला गेलो. साखर आमच्याकडे होती. आत बापलेकीचं चालू होतं.

"तू जा," दशरथराव म्हणत होते. "दार तू उघड, ओटी तू भर. घर तुझंच आहे. हे शेजारी बघतील मला."

"बघू की," मी म्हटलं.

"मी जाणार नाही," श्रुतिका म्हणाली.

"का?"

"मी गेले की तुमची सुटका झाली. मग पुढच्या वर्षी पण मीच, त्याच्या पुढे पण मीच. तुम्ही या खिडकीत बसून फणस मोजणार. डॉक्टर म्हणतात जिना उतरा, व्यायामाला येणारी बाई म्हणते उतरा, हाडाला काही झालेलं नाही. घर तुमच्या नावावर आहे. तांबडं करायचं असेल तर तुम्ही करा. मी बोट लावणार नाही."

"मग राहू दे राखाडी."

"राहू दे."

ती स्वयंपाकघरात गेली. भांडी जरा जोरात वाजली. दशरथराव टॅबकडे बघत राहिले. मला वाटलं आता हवा थोडी हलकी करावी.

"दशरथराव, जयवंतरावांचा फोन आला तर काय सांगू? दशरथ चौथ्या मजल्यावरून ओटी टाकणार, खाली झोळी धरा?"

त्यांनी जे उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही. साखर न घेताच मी परत आलो.

दुसऱ्या दिवशी श्रुतिका ऑफिसला गेल्यावर भिंतीवर काठीचे ठोके पडले. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे, त्यामुळे आम्हाला फोन लागत नाही. मी गेलो.

"हे कसं करतात?" दशरथराव टॅब पुढे करून म्हणाले.

"काय कसं करतात?"

"नाटकं नको करू. बटण कुठे येतं?"

"मी बोट धरणार नाही. तुमच्या मुलीची ताकीद आहे."

त्यांनी घरावर बोट ठेवलं. बटण आलं. दाबलं. खाली विचारणा आली, कोण येणार? त्यांनी एकेक अक्षर शोधून शोधून 'दशरथ' लिहिलं. शेवटच्या थ ला फार वेळ लागला. मग पुढचं बटण दाबलं, आणि घर तांबडं झालं.

आम्ही दोघं बघत राहिलो. आणि मग माणसाच्या तोंडाचं पाणी पळालं.

"अरे, मी काय केलं हे? हे परत राखाडी कसं करायचं?"

नलिनीताईंच्या दिरांनी ते दिवसभर केलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तिथेच, त्याच ठिकाणी पुन्हा बोट ठेवायचं.

"नाही होत," मी म्हटलं. "दिरांच्या त्या तमाशानंतर ती सोय बंद. एकदा झालं की झालं."

"नक्की?"

"कॉम्प्युटरचं आहे, दशरथराव. तो कुणाचं ऐकत नाही."

ग्रुप वाजायला लागला होता. नलिनीताईंनी फुलं पाठवली. कुणी लिहिलं, दशरथकाका येतायत. कुणी लिहिलं, आता वाडी भरली. दशरथराव एकेक वाचत होते आणि पाय चोळत होते. पाच मिनिटांत माझा फोन वाजला. श्रुतिका होती.

"काका, त्यांनी केलं की तुम्ही?"

"बोट त्यांचं."

तिच्या मागे झाकणांच्या मशिनीचा आवाज. मग म्हणाली, "ते परत बदलता येतं हे सांगितलं का तुम्ही?"

"मी कशाला सांगू? मी घाटावरचा, मला काय कळतंय."

निघायच्या दिवशी सकाळी खाली गाडी उभी होती. त्यात जयवंतरावही येणार होते. त्यांची स्वतःची सोय झाली नव्हती आणि दशरथरावांच्या गाडीत एक जागा होती. श्रुतिकाने बॅगा आधीच खाली नेल्या, परत वर आली, परत खाली गेली. दशरथराव स्वच्छ पांढरा सदरा घालून काठी टेकत दारात आले. सोसायटीतल्या पोरांनी प्लास्टिकची खुर्ची आणली होती. ती बघून भडकले.

"मला काय मढं समजता? चालत जाणार."

एक मजला ते चालत उतरले. कठडा घट्ट धरून, प्रत्येक पायरीला काहीतरी पुटपुटत. आणि तिसऱ्या मजल्याच्या वळणावर, त्याच जागी, थांबले. पाय पुढे जाईना. श्रुतिका खालच्या पायरीवर उभी होती, हात पुढे करून. मी वरच्या पायरीवर. दशरथरावांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्यांनी वर बघितलं, आपल्या दाराकडे. मला वाटलं आता परत फिरणार.

खालून जयवंतरावांचा आवाज आला. "दशरथा, उतरतोस की नाय? घाट उन्हाच्या आत चढायचाय."

"तू जा पुढे, जयवंता."

"पुढे जाऊ? तुझ्या गाडीतनं?" जयवंतराव धापा टाकत वर आले. त्यांनी वळणावरच्या दशरथरावांकडे बघितलं, मग खुर्चीकडे, मग माझ्याकडे. "बसव रे याला," ते मला म्हणाले. "पालखीला माणसं नाहीत म्हणून मी बोंब मारतो, आणि आता हा."

"मी नाय बसणार."

"मग उभा राहा. तुझं घर राखाडी करतो, मी अध्यक्ष आहे."

दशरथरावांनी श्रुतिकाकडे बघितलं. तिने त्यांच्या हातातून काठी काढून घेतली. ते बसले. दोन पोरं पुढे, मागे एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला जयवंतराव. जिना अरुंद, खुर्चीचे पाय भिंतीला घासत होते, आणि दशरथराव डोळे मिटून आम्हाला चौघांनाही शिव्या घालत होते. दुसऱ्या मजल्यावर मंजुळाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ओटी भरा, बाई," मी म्हटलं. "दारात आलीय."

"गप रे," दशरथराव डोळे न उघडता म्हणाले. "सांभाळ, डावीकडे झुकतंय."

शेवटच्या पायरीवर त्यांनी खुर्ची टेकवायला लावली आणि काठी मागून घेतली. गाडीपर्यंत ते स्वतःच्या पायांनी गेले. फाटकाशी भाजीवाला उभा होता. इतके दिवस वरून येणारा आवाज ज्याचा होता तो माणूस त्याने पहिल्यांदा जवळून पाहिला आणि त्याने आपली हातगाडी मागे घेतली.

पालखी त्यांच्याकडे ज्या दिवशी यायची होती त्या दिवशी आम्ही दोघं नवराबायको सकाळपासून काही कामाचे नव्हतो. दशरथराव टॅब आमच्याकडे ठेवून गेले होते, तो अनुपमाने लावून ठेवला होता. वाडी सगळी तांबडी. पण नकाशाला पालखी कुठपर्यंत आली ते माहीत नव्हतं, आणि नलिनीताईंनी ग्रुपवर लिहिलं होतं की यंदा सगळी घरं उघडी, त्यामुळे पालखीला उशीर, जयवंतराव घड्याळ बघून बघून वैतागलेत. दुपार टळली तरी फोन नाही.

"त्यांच्या मांडीला काही झालं नसेल ना?" अनुपमा म्हणाली.

"नाही गं."

"मग तुम्ही का फेऱ्या मारताय?"

मी बसलो.

ऊन उतरताना श्रुतिकाचा फोन आला. रेंज फक्त ओट्यावर होती. आधी दशरथराव बोलले.

"अरे, सकाळपासनं दारात उभा आहे. उभा. ऐकतोयस ना? बसलो नाय. खुर्ची दिली होती तिने, मी आत ठेवायला लावली. आणि पालखी अजून भिवाकडे. त्या पडवीत काय करतायत कुणास ठाऊक. परवानगी..."

"बाबा, आली," श्रुतिकाचा आवाज.

ढोल ऐकू आला. आधी लांब, मग एकदम जवळ. कुणीतरी पोरांना ओरडलं, चपला काढा रे. श्रुतिका म्हणाली, काका, मी ठेवते, आणि फोन बंद करायचा विसरून तिने तो ओट्यावर ठेवला असावा, कारण आवाज येतच राहिले. बांगड्या वाजल्या. दिपेश कुणाला तरी नारळ मागत होता. ढोल इतका वाढला की आमच्या फोनचा स्पीकर फाटायला आला. अनुपमाने तो हातात घेऊन छातीशी धरला.

आणि त्या गोंधळातून जयवंतरावांचा हेडक्लार्की आवाज चढला.

"दशरथा, काठी बाजूला घे ना. पालखी आत येऊ दे."